अर्धा कर माफ. उरलेला रस्ता कोणी करावा?

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात वाहन खरेदी करणारास आजीवन वाहनकरात पन्नास टक्के सूट, असा हुकूम भोपाळहून सुटला की लष्करच्या बाजारपेठेत एकच आनंदीआनंद होतो. २०२४ साली तो झाला, २०२५ सालीही झाला. दौलतगंजातील दुकानदार आपल्या गादीवरून शेजाऱ्यास विचारतो, "यंदा गाडी काढायची ना?" आणि शेजारीही, गरज असो वा नसो, मनातल्या मनात हिशेब मांडू लागतो. वाहन खरेदी मेळ्यातच व्हावी आणि नोंदणी ग्वाल्हेरच्याच परिवहन कार्यालयात व्हावी, एवढी अट पाळली म्हणजे सरकारची अर्धी पावती माफ! माणसाला आनंद व्हावयास यापेक्षा अधिक काय पाहिजे?

या आनंदावर विरजण घालण्याची आम्हांस हौस नाही. परंतु नवी मोटार घेऊन मेळ्याच्या मैदानाबाहेर पडल्यावर ती चालवावयाची कोठे, हा प्रश्न विचारल्यावाचून आमच्याने राहवत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात याच ग्वाल्हेर शहरात चेतकपुरीचा नवा कोरा रस्ता पुन्हा पुन्हा खचला आणि त्या खड्ड्यांची छायाचित्रे देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. एका हाताने मोटारीवरचा कर सोडावयाचा आणि दुसऱ्या हाताने खचलेल्या रस्त्यावर माती लोटावयाची, या कारभाराला काय म्हणावे? वाहन सवलतीचे आणि रस्ता भगवंताच्या भरवशावर!

ग्वाल्हेरच्या मेळ्याचा आणि सीमेवरच्या आमच्या गावांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली गोपाचलाच्या पायथ्याशी स्थिरावली, तेव्हापासून लष्करमधली मराठी घरे तेथल्या दरबाराला आणि पुढे सरकारला कर देत आली. आम्ही आमचा कर बंगळूरच्या तिजोरीत भरतो. पावती कोणत्या भाषेत छापली आहे याचा तंटा आम्ही पिढ्यान् पिढ्या भांडत आहोत व भांडत राहू. पण खड्ड्याला भाषा नसते आणि इस्पितळात रिकामी खाट नसली तर ती कोणालाच नसते. सूट देऊन टाळ्या घ्याव्यात आणि खर्चाच्या वेळी हात वर करावेत, ही रीत आता भोपाळ, बंगळूर, मुंबई आणि दिल्ली या चारही ठिकाणी सारखीच रुजली आहे. म्हणून या प्रश्नाचा निकाल प्रत्येक करदात्याने आपल्या मनाशी एकदा लावून घेतला पाहिजे.

प्रथम मेळ्याच्या सवलतीचेच पृथक्करण करू. वाहनकर हा वाहनाच्या किमतीच्या टक्केवारीने घेतला जातो. तेव्हा त्यातली निम्मी सूट म्हणजे जितके वाहन महाग तितकी सूट मोठी, हे उघड आहे. आलिशान मोटारीच्या धन्याला ती लाखांच्या घरात मिळणार, स्कूटर घेणाऱ्या कारकुनाला काही हजारांत मिळणार, सायकलवाल्याला आणि पायी चालणाऱ्या मोलकरणीला शून्य मिळणार. रस्ता मात्र चौघांचाही. खड्ड्यात पाय मुरगळतो तो पायी चालणाऱ्याचा. म्हणजे ज्याला सर्वांत कमी गरज त्याला सर्वांत अधिक दान, आणि ज्याला खरी गरज त्याच्या वाट्याला मेळ्यातला पाळणा पाहण्याचे सुख! हा न्याय कोणत्या स्मृतीत सांगितला आहे?

सवलतीचे समर्थक म्हणतात, दर कमी केला की उलाढाल वाढते आणि उलाढाल वाढली की तिजोरी पुन्हा भरते. हे विधान सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. १९७३-७४ साली आपल्या देशात सर्वांत वरच्या उत्पन्नावर अधिभार धरून ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता. शंभर रुपये मिळवावेत आणि सव्वादोन रुपये घरी न्यावेत, असा कायदा केल्यावर लोक प्रामाणिकपणे हिशेब देतील अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होते. तो दर खाली आणला हे योग्यच झाले. परंतु औषधाची मात्रा उतरविल्याने रोगी सुधारला, म्हणून औषधच बंद करावे काय? मेळ्यात मोटारींची गर्दी होते खरी. पण त्यांतले कित्येक गिऱ्हाईक दिवाळीत घ्यावयाची गाडी पौषापर्यंत लांबवितात आणि कित्येक आपल्या गावी घ्यावयाची गाडी येथे येऊन घेतात. एका कोनाड्यातला दिवा दुसऱ्या कोनाड्यात ठेवला म्हणून घरात उजेड दुप्पट होत नाही.

आता दिल्लीकडे वळू. २० सप्टेंबर १९१९ असे कोणी चुकून लिहिले तर शंभर वर्षांपूर्वीची जुनी गोष्ट वाटेल. पण ही गोष्ट २० सप्टेंबर २०१९ ची आहे आणि आमच्या शेजारच्या पणजीत घडलेली आहे. त्या दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्याच्या भूमीवरून कंपन्यांच्या करात मोठी कपात जाहीर केली. इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना ३० ऐवजी २२ टक्के, आणि नव्या कारखानदारी कंपन्यांना १५ टक्के. यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असा अंदाज सरकारनेच सांगितला. मुंबईचा शेअरबाजार त्या एका दिवसात १९०० हून अधिक अंशांनी उसळला. कारखाने निघतील, हातांना काम मिळेल, असे आश्वासन होते. पुढे काय झाले? जानेवारी २०२५ मध्ये संसदेपुढे ठेवलेली सरकारची स्वतःची आर्थिक पाहणीच सांगते की, २०२३-२४ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांतील उच्चांकावर पोहोचला. मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांचा नोकरवर्ग मात्र दीड टक्क्याने. हे विरोधकांच्या व्यासपीठावरचे भाषण नाही. सरकारच्या छापील कागदावरचे आकडे आहेत. नफ्याचे पीक आले आणि नोकरीचे खळे रिकामे राहिले, याहून दुसरा अर्थ त्यातून निघत नाही.

त्यानंतर १ फेब्रुवारी २०२५ रोजी पगारदार मध्यमवर्गाची पाळी आली. नव्या पद्धतीने कर भरणाऱ्यास बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, अशी घोषणा झाली. आमच्या वाचकांपैकी शिक्षक, बँकेतले कारकून आणि लहान व्यापारी यांना तिचा लाभ झाला असेल. त्यांना तो लखलाभ होवो. प्रामाणिकपणे कर भरणाऱ्या या वर्गावर बोजा वाढत गेला होता, कंपन्यांच्या करापेक्षा वैयक्तिक प्राप्तिकराची वसुली पुढे गेली होती, हे आम्हांस ठाऊक आहे. पण या सवलतीची किंमत किती? सरकारच्या शब्दांत सुमारे एक लाख कोटी रुपये. त्याच अर्थसंकल्पात केंद्राच्या आरोग्य खात्यासाठी ठेवलेली सगळी रक्कम एक लाख कोटींहून किंचित कमीच होती! म्हणजे एका वाक्यात जेवढे सोडले, तेवढ्यात साऱ्या देशाचे केंद्रीय आरोग्य खाते वर्षभर चालते. सुमारे एकशेचाळीस कोटींच्या देशात प्राप्तिकराचे विवरणपत्र भरणारे सात-आठ कोटी. उरलेल्यांनी या सवलतीचे काय करावे? त्यांना आजार होत नाहीत काय?

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली असे ठरविले होते की, सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यावयाचा. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, तेही महामारीचा घाला पडल्यानंतरच्या वर्षात, तो १.८४ टक्के होता आणि आजारपणाच्या एकूण खर्चापैकी जवळजवळ चाळीस टक्के लोक आपल्या खिशातून भरीत होते. शिक्षणाची कथा याहून जुनी. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांचा दंडक घालून दिला. साठ वर्षे होत आली, तो पल्ला गाठलेला नाही. सीमेवरच्या माणसाला हे विस्ताराने सांगावयास नको. घरात दुखणे मोठे झाले की मिरज-कोल्हापूरची वाट धरणाऱ्या आमच्या लोकांना ठाऊक आहे की, प्राप्तिकरात वाचलेले पैसे एका रात्रीच्या अतिदक्षता विभागात कसे विरघळून जातात. सरकारने डाव्या खिशात घातले आणि खासगी इस्पितळाने उजव्या खिशातून काढून घेतले, तर सवलत मिळाली कोणाला?

यात आणखी एक मेख आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राच्या विभाज्य करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना ठरवून दिला. प्राप्तिकर आणि कंपनीकर हे दोन्ही त्यात येतात. तेव्हा दिल्लीने एक रुपया सोडला की त्यातले एक्केचाळीस पैसे राज्यांचे सुटतात. शाळा चालवावयाची राज्याने, इस्पितळ चालवावयाचे राज्याने, पाटबंधारे बांधावयाचे राज्याने. आणि टाळ्या घ्यावयाच्या दिल्लीने! उलट अधिभार आणि उपकर या नावांनी जे जमा होते त्यात राज्यांना वाटा नाही. देताना राज्यांच्या ताटातले वाढावयाचे आणि घेताना एकट्याच्या पानात, ही पंगत फार काळ चालणारी नाही.

आणि गावाचे काय? मध्य प्रदेशात १९७६ साली चुंगी, म्हणजे आमची जकात, उठली. नाक्यावरचा जाच संपला म्हणून व्यापारी सुखावले, ते रास्तच होते; त्या नाक्यांवर चिरीमिरीचा सुळसुळाट होता हे कोणी नाकारणार नाही. पण महापालिकेचा हक्काचा पैसाही त्याबरोबर गेला. तेव्हापासून ग्वाल्हेरची महापालिका काय आणि इतर नगरपालिका काय, चुंगीच्या नुकसानभरपाईसाठी भोपाळकडे डोळे लावून बसतात. महाराष्ट्रातही तेच. जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि महापालिका मंत्रालयाच्या दारी अनुदानाची वाट पाहू लागल्या. ज्या संस्थेला स्वतःचे उत्पन्न नाही तिला स्वतःचे तोंडही नसते. मग गटार तुंबले म्हणून नगरसेवकाला जाब विचारावा तर तो वर बोट दाखवितो, आणि वरचा आणखी वर दाखवितो. दौलतगंजच्या व्यापाऱ्याने चुंगी वाचविली. पण लष्करमधून वाहणारी स्वर्णरेखा नदी डोळ्यांदेखत गटार झाली, तिच्या दुर्गंधीवर कोणत्याही मेळ्यात सूट मिळत नाही.

येथे आमचे टीकाकार उसळून म्हणतील, "कर भरून तरी काय होते? चेतकपुरीचा रस्ता काय फुकट झाला होता? कोट्यवधी रुपये ओतले आणि पहिल्या पावसात खचला. फुटक्या रांजणात पाणी ओतण्यापेक्षा ते आमच्या घागरीत राहिलेले काय वाईट?" हा आक्षेप पोरकट नाही. करदात्याच्या संतापाचे मूळच तेथे आहे. परंतु रांजण फुटका असेल तर रांजण सांधावयाचा, की साऱ्या गावाने तहानेने मरावयाचे? रस्त्याच्या ठेकेदाराने लबाडी केली म्हणून मोटारवाल्याला करमाफी, हा रोग रेड्याला आणि औषध पखालीला देण्याचा प्रकार झाला. शिवाय चोरीचा आणि कपातीचा अनुभव असा की, तिजोरी आटली म्हणजे चोराचा हिस्सा कमी होत नाही. कमी होतो तो औषधांचा, शिक्षकांचा आणि डागडुजीचा. ज्याने कर भरला त्याला हिशेब मागण्याचा अधिकार पोहोचतो. ज्याने सूट घेऊन तोंड गोड केले त्याचा आवाज आपोआप बसतो. सवलत ही पुष्कळदा प्रश्न न विचारण्याची बिदागी असते, हे ओळखून असावे.

मग कोणताच कर कमी करू नये काय? तसे आम्ही म्हटलेले नाही. या बाबतीत आमच्यापुढे नामदार गोखल्यांचा आदर्श आहे. १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात गोपाळ कृष्ण गोखले यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले, तेव्हा दुष्काळाने पिचलेल्या देशात सरकारी तिजोरीत शिल्लक पडते याचा त्यांनी अभिमान मानला नाही. ती शिल्लक जादा करवसुलीची खूण आहे, असे त्यांनी ठणकावले आणि गरिबाच्या मिठावरचा कर उतरविण्याची मागणी केली. तो कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. आणि याच गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, त्यात स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी कर बसविण्याची मुभा ठेवली होती! मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पण त्यामागचा विचार आजही उभा आहे. मिठावरचा कर काढा आणि शाळेसाठी कर लावा, या दोन मागण्यांत गोखल्यांना विसंगती दिसली नाही. कारण ती नव्हतीच. कर कोणाकडून घ्यावयाचा आणि कोणासाठी खर्चावयाचा, या एकाच प्रश्नाची ती दोन अंगे होती. त्याआधी १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनीही हेच गाऱ्हाणे मांडले होते की, पैसा रयतेच्या घामाचा आणि विद्येचा लाभ मात्र वरच्यांना.

या कसोटीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा करात झालेली कपात आम्ही निराळी मानतो. साबण, तेल, दंतमंजन यांसारख्या रोजच्या जिनसांवरचा दर पाच टक्क्यांवर आला, याचे आम्ही स्वागत करतो. कारण साबण गरीबही वापरतो आणि त्याच्या उत्पन्नाच्या मानाने त्या कराचा बोजा त्याच्यावरच अधिक पडतो. ही कपात आजच्या मिठाच्या करातली कपात आहे. आलिशान मोटारीवरची निम्मी माफी त्याच पंक्तीत बसवू पाहणाऱ्यांना मात्र आमचा दुरूनच नमस्कार.

दुसरा आदर्श आमच्या अगदी घरचा आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूरला, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेने लाखो कुटुंबांची चूल विझू दिली नाही. मग प्रश्न आला पैशाचा. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला. शहरातल्या पगारदाराने, वकिलाने, व्यापाऱ्याने वर्षाकाठी थोडी रक्कम द्यावयाची आणि तिच्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळावयाचे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पुढे २००५ साली संसदेने सबंध देशासाठी तसा कायदा केला, त्याची गंगोत्री विसापूरची. आज व्यवसाय कराची कमाल रक्कम वर्षाला अडीच हजार रुपये आहे. महिन्याला दोनशे रुपये कापले गेले म्हणून मुंबईचा कोणी चाकरमान्या भिकेस लागल्याचे आम्ही ऐकलेले नाही. पण त्या पैशावर विहिरी खोदल्या गेल्या, पाझर तलाव झाले, बांध पडले. या निधीतला पैसा सगळाच त्या कामी लागला नाही अशी टीका होत आली आहे, आणि ती करणाऱ्यांच्या बाजूने आम्ही उभे आहोत. ज्या कामासाठी घेतले त्याच कामी लावा, एवढेच आमचे म्हणणे.

खुद्द ग्वाल्हेरलाही याचा धडा दुसरीकडून घ्यावयास नको. ज्या मेळ्यात आज करमाफी वाटली जाते तो १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला, आणि तो सुरू झाला दरबारने आधी पदरचा खर्च केला म्हणून. सांक नदीवरचे तिघऱ्याचे धरण १९१७ साली फुटले तेव्हा, मोडले ते मोडू द्या, असे कोणी म्हटले नाही. ते पुन्हा उभे केले आणि शंभर वर्षांनंतरही ग्वाल्हेर शहर त्याच तिघऱ्याचे पाणी पिते. कोरड्या वर्षी दिवसाआड का होईना, नळाला पाणी येते ते त्या जुन्या खर्चाचे फळ आहे. जयारोग्य इस्पितळात चंबळ खोऱ्यातला गोरगरीब आजही धाव घेतो. राजेशाहीचा आम्हांस मोह नाही. तिच्यात हिशेब मागण्याची रयतेची छाती नव्हती. पण शंभर वर्षांपूर्वीच्या एका संस्थानाने पुढच्या चार पिढ्यांसाठी धरण बांधावे आणि लोकशाहीतल्या सरकारने पुढच्या निवडणुकीसाठी पावत्या माफ कराव्यात, हा फरक डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कोणतीही करमाफी जाहीर करताना ती किती रुपयांची, कोणत्या उत्पन्नगटाला किती मिळणार आणि तेवढ्या रकमेचे कोणते काम मागे पडणार, हे त्याच घोषणेत सांगा. केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत सोडलेल्या उत्पन्नाचे विवरण २००६ पासून जोडले जाते. ते पुस्तकात पुरून ठेवू नका, जिल्ह्याच्या ठिकाणी लोकभाषेत छापून लावा. माफी द्यावयाची असेल तर गरिबाच्या रोजच्या वस्तूपासून सुरुवात करा, मोटारीपासून नको. वाहनकरातला ठरावीक हिस्सा ज्या शहरात वाहन नोंदले त्या शहराच्या रस्त्यांना द्या. आणि रस्ता खचला तर तो ठेकेदाराच्या खर्चाने पुन्हा करून घ्या, लोकांच्या नव्हे.

वाचकांना आमचे सांगणे एवढेच की, पुढच्या वेळी सवलतीची पाटी दिसली की आनंद जरूर माना, पण त्याच दमात विचारा, याचे पैसे कोणी भरले? दौलतगंजच्या मराठी दुकानदाराने भोपाळला विचारावे, आमच्या निपाणी-खानापूरच्या दुकानदाराने बंगळूरला विचारावे आणि पुण्या-मुंबईच्या भाऊबंदांनी मंत्रालयाला विचारावे. सरकार जे सोडते ते स्वतःचे कधीच सोडीत नाही. ते शाळेतल्या मुलाचे असते, खाटेवरच्या रोग्याचे असते, नळाखाली रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईचे असते. त्यांची संमती घेतल्यावाचून दिलेली देणगी ही देणगी नाही. ती परभारे उधळलेली लोकांची ठेव आहे. ती ठेव कोणी, कोणाला आणि का दिली, याचा जाब विचारणे हा करदात्याचा पहिला हक्क आहे आणि नागरिकाचे पहिले कर्तव्यही.